भीमाशंकर: राक्षस, नदी आणि हिरड्याचं रान

गाडी थांबते तिथून भीमाशंकरचं मंदिर दिसत नाही. सह्याद्रीतल्या बहुतेक देवस्थानांना जायला चढावं लागतं, इथे मात्र दोनशेहून जास्त पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. डोंगरमाथ्यावरच्या एका खोलगट जागेत मंदिर बसलेलं आहे, आणि ते तिथेच का बसलं याचं उत्तर म्हणजे पाणी. भीमा नदी इथून निघते. या ठिकाणाबद्दल जितक्या कथा सांगितल्या जातात त्या सगळ्या फिरून फिरून पाणी आणि रान या दोनच गोष्टींपाशी येतात. म्हणून आमचं मत असं, की कथा आधी नीट माहीत करून घ्याव्यात, मग थोडं तरी रान पायाखाली घालावं आणि गाभाऱ्यात शेवटी जावं. पायऱ्या उतरून, दर्शन घेऊन, पुन्हा पायऱ्या चढून परत गाडीत बसणाऱ्याला भीमाशंकरचा अर्धा भागसुद्धा भेटत नाही.

जागा नकाशावर अशी: पुणे जिल्ह्यात, खेड आणि आंबेगाव तालुक्यांच्या शिवेवर, पुण्यापासून साधारण ११० किलोमीटर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास. पश्चिमेला कडा तुटतो आणि खाली थेट कर्जत तालुका लागतो. कड्याच्या अलीकडे पडलेला पावसाचा थेंब भीमेतून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जातो. हातभर पलीकडे पडला तर उल्हास नदीच्या खोऱ्यातून अरबी समुद्राला. खडक काळा बेसाल्ट, लाव्हाचे थरावर थर. भूशास्त्रज्ञांनी दख्खनच्या या थरांच्या गटांना गावांची नावं दिली आहेत: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी आणि त्यांच्यावरचा भीमाशंकर. थरांच्या सांध्यांतून आणि भेगांतून मुरलेलं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे झरा, झऱ्यापाशी कुंड, कुंडापाशी देव. मंदिराच्या आसपास मोक्षकुंड, सर्वतीर्थ, ज्ञानकुंड, कुशारण्य तीर्थ अशी नावं ऐकू येतात ती याच पाण्याची.

आता राक्षसाची कथा. भीमाशंकर म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर गदाधारी पांडव येतो. या कथेतला भीम तो नव्हे. शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत जो भीम आहे तो कुंभकर्णाचा मुलगा. त्याची आई कर्कटी. तिचे आईबाप कर्कट आणि पुष्कसी अगस्त्यांचे शिष्य सुतीक्ष्ण यांना खायला गेले आणि त्यांच्या तपाच्या आगीत जळाले. तिचा पहिला नवरा विराध, तो रामाच्या हातून मेला. एकटी पडलेली कर्कटी सह्य पर्वतावर राहत होती, तिथे कुंभकर्ण आला आणि त्याच्यापासून हा मुलगा झाला. मुलगा मोठा झाल्यावर आईला विचारतो, माझा बाप कोण, आणि आपण इथे एकटेच का राहतो? आई सगळं सांगते. सूड घ्यायचा म्हणून तो हजार वर्षं तप करतो, ब्रह्मदेवाकडून बळ मागून घेतो, इंद्राला आणि विष्णूलाही हरवतो आणि मग कामरूपच्या राजावर चाल करून जातो.

हा राजा सुदक्षिण शिवभक्त. भीम त्याला बेड्या घालून कोठडीत टाकतो. कोठडीत देऊळ कुठलं असणार? राजा मातीचं शिवलिंग करतो आणि त्याची पूजा करत राहतो. श्रावणात आपल्याकडे मातीची किंवा वाळूची पिंड करून पूजतात, ते पार्थिव पूजन हेच. पहारेकरी भीमाला बातमी देतात, तो तलवार उपसून येतो आणि त्या मातीच्या पिंडीवर घाव घालतो. तलवार पिंडीला लागायच्या आत तिच्यातून शंकर उभे राहतात. घनघोर युद्ध होतं, नारद येऊन विनवतात की आता पुरे, आणि शंकर एका हुंकारानं भीमासकट सगळ्या राक्षसांना जाळून टाकतात.

बहुतेक ठिकाणी कथा इथेच संपवतात. पुराणात पुढचा भाग आहे आणि आम्हाला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. त्या हुंकाराची आग एका रानातून दुसऱ्या रानात पसरत गेली, राक्षसांची राख सगळीकडे उडाली, आणि त्या राखेतून नाना गुणांच्या औषधी वनस्पती उगवल्या. मग देवांनी शंकरांना विनवलं की आता इथेच राहा. देव राहिला तो त्या वनस्पतींच्या रानात. भीमाशंकरच्या जंगलात आज काय उगवतं ते पुढे येईलच, पण ही कथा सांगताना शेवटची ओळ गाळू नये.

दुसरी कथा त्रिपुराची. पुराणातला मूळ प्रसंग मोठा आहे. तारकासुराचे तीन मुलगे, तारकाक्ष, विद्युन्माली आणि कमलाक्ष. मयासुरानं त्यांना सोन्याचं, चांदीचं आणि लोखंडाचं अशी तीन फिरती नगरं बांधून दिली. हजार वर्षांतून एकदाच तिन्ही एका रेषेत येणार, आणि तेव्हा एकाच बाणात तिन्ही भेदली तरच ती नष्ट होणार. त्यासाठी देवांनी शंकरांना रथ सिद्ध करून दिला. पृथ्वीचा रथ, सूर्यचंद्राची चाकं, ब्रह्मदेव सारथी, मेरूचं धनुष्य, वासुकीची दोरी आणि विष्णू हा बाण. भीमाशंकरच्या डोंगराला रथाचल म्हणतात ते या रथावरून. लढाई आटोपल्यावर शंकर इथे विसाव्याला बसले, त्यांच्या अंगावरून घाम वाहिला आणि त्याची भीमा नदी झाली.

स्थानिक कथनात तीन भावांच्या जागी एकच त्रिपुरासुर येतो. तो याच रानात तप करतो, वर मिळवतो, मग माजतो. शंकर एकट्यानं त्याला मारू शकत नाहीत, म्हणून पार्वतीला साद घालतात आणि दोघं अर्धनारीनटेश्वर रूपात त्याचा वध करतात. दिवस कार्तिकी पौर्णिमेचा, म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमा. मग त्रिपुरासुराच्या बायका डाकिनी आणि शाकिनी पुढे येऊन विचारतात, आमचं आता काय? शंकर त्यांना अमर करतात आणि ही भूमी त्यांच्या नावानं ओळखली जाईल असं सांगतात. बारा ज्योतिर्लिंगांच्या श्लोकात ‘डाकिन्यां भीमशङ्करम्’ असं येतं, त्याचा इथला अर्थ हा. पार्वतीचं इथलं रूप म्हणजे कमलजा देवी. ब्रह्मदेवानं तिला कमळं वाहिली म्हणून कमलजा. तिचं छोटं देऊळ जवळच आहे, ते चुकवू नये. गाभाऱ्यातल्या लिंगावर मधोमध एक बारीक रेघ आहे. एक बाजू शिवाची, दुसरी शक्तीची असं मानतात, ते याच कथेला धरून. दिवसाचा बराच वेळ लिंगावर चांदीचं आवरण असतं. रेघ बघायची असेल तर पहाटेच्या पूजेची वेळ गाठावी लागते.

नदीची आणखी एक कथा आहे, ती कमी सांगितली जाते. सूर्यवंशातल्या भीमक नावाच्या राजाच्या हातून शिकारीत हरणाच्या रूपातला ऋषी मारला गेला. प्रायश्चित्त म्हणून तो या डोंगरावर तप करत होता. दमलेले शंकर त्याला भेटले आणि वर माग म्हणाले. राजानं स्वतःसाठी काही मागितलं नाही. तुमच्या अंगावरच्या या घामाची लोकांसाठी नदी होऊ दे, एवढंच मागितलं. राक्षसाच्या आणि राजाच्या कथेत ‘भीम’ हा एकच शब्द नावात येतो. पण पहिलीत ते नाव पापी राक्षसाचं आहे आणि दुसरीत पाप धुवायला निघालेल्याचं. दोन्ही कथा एका ठिकाणी सुखानं नांदतात.

चौथी कथा लाकूडतोड्याची. भातिराव लाखधारा नावाच्या माणसानं झाडावर कुऱ्हाड घातली तर झाडाच्या बुंध्यातून रक्त आलं. तो घाबरून पळाला, लोक जमले, कुणीतरी दुभती गाय आणून उभी केली. तिच्या दुधाची धार पडताच रक्त थांबलं आणि जमिनीतून ज्योतिर्लिंग प्रकट झालं. झाड तोडताना रक्त येणं आणि खाली लिंग सापडणं अशा कथा महाराष्ट्रात, कोकणात बऱ्याच स्वयंभू देवस्थानांच्या आहेत. त्यात एक गोष्ट कायम असते: देव सापडला त्या जागी कुऱ्हाड पुन्हा चालत नाही. देवराईचा नियम असाच तयार होतो. भीमाशंकरच्या आसपासच्या गावांत, आहुप्याच्या बाजूला, आजही देवराया आहेत. तिथली वाळलेली फांदीसुद्धा घरी न्यायची नसते.

आता वादाचा विषय, कारण तो विचारला जातोच. शिवपुराणात राजा कामरूपचा आहे, आणि कामरूप म्हणजे आसाम. म्हणून गुवाहाटीजवळ पामोही इथलं भीमेश्वर हेच सहावं ज्योतिर्लिंग असं तिथले लोक मानतात. उत्तराखंडात काशीपूरला मोटेश्वर महादेव आहे, त्याचाही तसाच दावा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये महाशिवरात्रीच्या तोंडावर आसाम सरकारच्या जाहिरातीवरून महाराष्ट्रात बराच गदारोळ झाला होता. त्या वेळी दोन्हीकडून पुराणाचे अर्धेअर्धे दाखले दिले गेले. पूर्ण कथा वाचली तर त्यात दोन्ही जागा आहेत. राक्षस जन्मला आणि वाढला सह्य पर्वतावर, राजा कोंडला गेला तो कामरूपचा. त्यात इकडे भीमा नदी आहे, तिच्या उगमाशी शंकराचं स्थान आहे आणि सह्याद्री हे नाव पुराणातच आहे. आमच्या मनात शंका नाही. पण पामोहीच्या भाविकाला खोटं ठरवायची गरजही वाटत नाही.

इतिहासाकडे वळताना एक सावधगिरी. भीमाशंकरबद्दल छापलेल्या बऱ्याच माहितीत ‘१४३७ साली पुण्याचे सावकार चिमाजी अंताजी नाईक भिंडे यांनी सभामंडप बांधला’ असं वाक्य सापडतं. ते एकमेकांकडून उचलत सगळीकडे पोचलेलं आहे. १४३७ म्हणजे बहमनी काळ. तेव्हा पुणे हा लहानसा कसबा होता. सावकारांनी देवळांना मंडप बांधून द्यावेत इतका पैसा पुण्यात आला तो पेशवाईत, आणि नावाची घडणही पेशवाईतलीच वाटते. आकडा १७३७ असावा आणि छपाईत ७ चा ४ झाला असावा असा आमचा अंदाज आहे. तो अंदाज म्हणूनच घ्या, पण १४३७ डोळे झाकून पुढे पाठवू नका.

दुसरी गल्लत ‘हेमाडपंती’ या शब्दाची. देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री हेमाद्री याच्या नावावरून हा शब्द आला. त्याची खूण एकच: दगड चुन्याशिवाय, खाचेत खाच बसवून, एकमेकांच्या वजनावर तोललेले. गावोगावी काळ्या दगडाचं कुठलंही जुनं देऊळ दिसलं की हेमाडपंती म्हणायची सवय आहे. भीमाशंकरला गाभाऱ्याची ठेवण आणि खालचं जुनं दगडकाम नागर, म्हणजे उत्तरेकडच्या देवळांच्या वळणाचं आहे. वरचं शिखर मात्र नाना फडणवीसांनी, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेलं. नाना १७४२ चे आणि वारले १८०० मध्ये, तेव्हा काळाची चौकट स्पष्ट आहे. असं थरांचं देऊळ वाचायचं तर नजर खालून वर न्यावी. दोन दगडांमधला सांधा बघावा. रेघ सुईसारखी बारीक आणि कोरडी असेल तर काम जुन्या पद्धतीचं. सांध्यात चुन्याची पांढरट जाड रेघ दिसली तर नंतरचं किंवा डागडुजीचं. मग नक्षी बघावी. जुन्या कामात दगड खोल कोरलेला असतो आणि सावली धरतो, नंतरच्या कामात कडा गुळगुळीत आणि नक्षी उथळ. अलीकडचा सिमेंट आणि ऑइलपेंटचा थर आला की खालचं काहीच वाचता येत नाही. पेंटचा आणखी एक तोटा आहे. एवढ्या पावसाच्या ठिकाणी दगडाला श्वास घ्यावा लागतो. रंगानं भोकं बुजली की आतला ओलावा बाहेर पडायची वाट शोधतो आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. देवळाच्या ट्रस्टींनी, पुजाऱ्यांनी आणि देणगीदारांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ.

शिवाजी महाराजांनी देवस्थानाच्या पूजेसाठी खरोशी हे गाव इनाम दिल्याचं सांगितलं जातं. इनामाचा अर्थ समजून घेतला पाहिजे. गावाच्या महसुलातला ठरलेला भाग देवळाकडे वळवायचा आणि त्यातून दिवाबत्ती, नैवेद्य, पुजाऱ्याचा खर्च चालायचा. एवढ्या आडरानात पावसाळ्याचे चार महिने यात्रेकरू फिरकत नसताना पूजा अखंड चालायची, ती अशा नेमणुकांवर.

अंगणात शनीच्या छोट्या देवळापाशी मोठी घंटा टांगलेली आहे, तिच्याकडे दोन मिनिटं तरी बघा. ती चर्चची घंटा आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला घेतला. त्या मोहिमेतून आलेल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांना वाहिल्या गेल्या. नाशिकला नारोशंकराची घंटा आहे, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर आहे, आणि ही भीमाशंकरची. आपली देवळातली घंटा उभट, तोंडाशी कमी पसरलेली असते. या घंटेचा ओठ बाहेर उलटलेला आहे आणि अंगावर क्रूसाची खूण आहे. ती पुसायची गरज तेव्हा कुणाला वाटली नाही आणि आजही वाटत नाही, हे आम्हाला फार आवडतं.

आता रान. १९८५ मध्ये इथे अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर. ते मुख्यतः शेकरूसाठी. शेकरू म्हणजे झाडावर राहणारी मोठी खार, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. पाठीला गडद तांबूस, पोटाला पिवळसर पांढरी, शेपटी धरून जवळजवळ मीटरभर लांब. ती जमिनीवर क्वचितच उतरते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी मारत जाते, म्हणून तिला फांदीला फांदी लागलेली झाडी लागते. रस्ता रुंद करताना वरची झाडी तुटली की तिचं रान दोन तुकड्यांत विभागलं जातं. शेकरू बघायचं तर सकाळी साडेसहा ते नऊ, फेब्रुवारीपासून मे पर्यंत, आंबा, जांभूळ, उंबराला फळ असताना. आधी घरटं शोधा. उंच झाडाच्या टोकाकडच्या फांद्यांत पानांचा आणि काटक्यांचा फुटबॉलपेक्षा मोठा गोळा दिसतो. एक शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, त्यामुळे एक घरटं रिकामं दिसलं तर आसपासची झाडं बघत राहा. आवाज खडखडाटासारखा असतो. तो आला की हलू नका, वर बघा. खायला मात्र काही टाकू नका. बिस्किटांना सोकावलेली माकडं देवळापाशी भरपूर आहेत, शेकरूची तशी गत नको.

कथेतल्या औषधी वनस्पतींचा धागा इथे जुळतो. या पट्ट्यातल्या महादेव कोळी घरांचं वर्षाचं रोख उत्पन्न कितीतरी प्रमाणात हिरड्यावर अवलंबून आहे. हिरड्याचं फळ तीन वयांत तीन नावांनी विकलं जातं. बाठा धरायच्या आत उन्हाळ्यात झोडून गोळा केलेला आणि वाळवून काळा झालेला तो बाळहिरडा. अर्धवट पिकलेला चांभारी हिरडा, चामडं कमावायला लागतो म्हणून ते नाव. पूर्ण पिकलेला, जड आणि पिवळसर तो सुरवारी हिरडा. भाव बाळहिरड्याला चांगला मिळतो, पण वेळ फार थोडी असते. आठवडाभर उशीर झाला की बाठा धरतो आणि माल खालच्या प्रतीत जातो. वाळवताना वळवाचा पाऊस आला की बुरशी धरते आणि व्यापारी भाव पाडतो. उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या अंगणांत काळपट मण्यांसारखं काही पसरलेलं दिसतं ते हेच. त्यावरून गाडी वळवू नका. हिरड्याखेरीज बेहडा, अंजन, जांभूळ, करवंद, गेळा, आणि उतारांवर कारवी. कारवी सात वर्षांनी एकदा सगळीकडे एकाच वेळी फुलते, बी धरते आणि मरते.

पावसाळ्यात या रानातल्या कुजक्या लाकडावर अंधारात हिरवट उजेड दिसतो. तो बुरशीचा. राक्षसांची आग अजून विझलेली नाही असं कुणी म्हटलं तर त्याला दोष देता येणार नाही, इतकं ते दृश्य विलक्षण असतं. दिसण्यासाठी तीन गोष्टी जमून याव्या लागतात: लाकूड सलग काही दिवस ओलं असावं, चंद्र नसावा आणि तुमच्याकडे दम असावा. टॉर्च विझवून दहा-पंधरा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्यावे लागतात. दर दोन मिनिटांनी मोबाइल पेटवणाऱ्याला काही दिसत नाही आणि सोबतच्यांनाही दिसू देत नाही. अभयारण्यात रात्री हिंडायला वनखात्याची परवानगी लागते. ती न घेता जाऊ नये.

वाटांबद्दल. गाडीरस्ते दोन: मंचर, घोडेगाव, डिंभे, तळेघर असा एक, आणि राजगुरुनगर, चास, वाडा असा दुसरा. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला खासगी गाड्या बऱ्याच आधी थांबवतात आणि पुढे एसटीनं जावं लागतं. ते दिवस टाळता आले तर टाळा, नाहीतर रांगेतच दिवस जातो. मंदिर परिसरात कामंही चालू असतात, म्हणून निघण्याआधी दर्शन चालू आहे ना याची चौकशी करावी.

कोकणातून येणाऱ्या जुन्या पायवाटा खांडसहून चढतात. नेरळ किंवा कर्जतहून कशेळेमार्गे खांडस. तिथून गणेश घाट लांबचा आणि सोपा, वाटेत गणपतीचं देऊळ. सामान्य चालणाऱ्याला वर पोचायला पाच-सहा तास धरावेत. शिडी घाट जवळचा, पण कड्याच्या अंगानं जाणारा, आणि अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या. दोन्ही वाटा पदरवाडीच्या पठारावर भेटतात आणि पुढचा चढ दाट रानातून एकच. शिडी घाटात अपघात होतात ते बहुतेक तीन कारणांनी. पावसात शेवाळलेल्या खडकावर पाय सुटतो, सुट्टीच्या दिवशी शिडीवर गर्दी होऊन मागचा पुढच्याला घाई करतो, आणि उतरताना पायरी दिसत नाही. म्हणून पावसाळ्यात शिडी घाट नकोच, त्या दिवसांत प्रशासनही मनाई करतं. कोरड्या दिवसांत चढायला घ्यावा, उतरायला गणेश घाट धरावा. माणशी तीन लिटर पाणी, आणि सकाळी सातच्या आत खांडस सोडणं. दुपारी पदरवाडीच्या पुढे धुकं उतरलं तर ठळक वाट सोडू नये. गुरांच्या वाटा जास्त मळलेल्या दिसतात आणि त्या सरळ कड्यावर नेतात.

वर आल्यावर नागफणीला जा. परिसरातला हा सगळ्यात उंच सुळका, कोकणातून बघितला तर नागाच्या फण्यासारखा दिसतो. कड्याला कठडा नाही, वारा खालून वर येतो, तेव्हा टोकाशी बसूनच बघावं.

आणि गुप्त भीमाशंकर. मंदिरापासून रानातून दीड-दोन किलोमीटर, वाटेत साक्षी विनायकाचं देऊळ. भीमा उगमाशी प्रकटते, लगेच दिसेनाशी होते आणि इथे पुन्हा वर येते, असं मानतात. ओढ्याच्या पात्रात, छोट्या धबधब्याखाली शिवलिंग आहे. भर पावसात ते पाण्याखाली जातं आणि पात्रात उतरणं धोक्याचं असतं, तेव्हा काठावरूनच नमस्कार करावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धार बारीक होते आणि लिंगावर पडताना स्वच्छ दिसते. देवळातला पुजारी अभिषेकपात्र टांगतो, तेच इथे नदी स्वतः करते.

ही वाट पुढे भोरगिरीला उतरते, मंदिरापासून सहा-आठ किलोमीटर, बहुतेक सावलीतून. खाली कोटेश्वराच्या देवळाजवळ भीमा भेटते ती एव्हाना घोटाभर झालेली असते. तिथून चासकमान धरण, राजगुरुनगर, तुळापूरला इंद्रायणी, रांजणगाव सांडसला मुळा-मुठा, उजनी, नीरा नरसिंगपूरला नीरा, आणि मग पंढरपूर, जिथे वळण चंद्रकोरीसारखं म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. सुमारे ८६० किलोमीटर वाहून ती रायचूरजवळ कृष्णेला मिळते. भोरगिरीहून राजगुरुनगरला एसटी मिळते, पण फेऱ्या मोजक्याच आहेत. उतरायला लागण्याआधी शेवटच्या गाडीची वेळ विचारून ठेवा.